चर्चचं घर घेताय? आधी रूपांतर तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडमधल्या एका विकाऊ घराची छायाचित्रं पाहिली. एकेकाळचं चर्च, आता राहतं घर. रंगीत काचांखाली सोफा, वेदीच्या जागी स्वयंपाकाचा ओटा. सोबतच्या मजकुरात किंमत, क्षेत्रफळ आणि 'स्वप्नवत' हे विशेषण होतं, बाकी काही नव्हतं. ब्रिटनमध्ये स्थिरावलेली मराठी कुटुंबंही हल्ली अशा जाहिराती हौसेनं बघतात. आम्ही दोघं तिथे जुन्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्ती हेच काम करतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमचं म्हणणं थोडक्यात असं, की या घरांतली दुखणी सहसा मूळ चर्चची नसतात, ती रूपांतराच्या वेळी लावलेली असतात. व्हिक्टोरियन काळातल्या दगडी भिंती दीडशे वर्षं ऊनपाऊस खाऊन उभ्या आहेत. त्यांच्यावर गेल्या तीसचाळीस वर्षांत सिमेंट, जिप्सम आणि प्लास्टिकनं काय केलं, ते पाहायचं असतं. ज्यानं ते केलं तो घर विकून मोकळा होतो आणि निस्तरणं पुढच्या मालकाकडे येतं.

चर्च बाजारात येतं कसं, हे आधी थोडं. चर्च ऑफ इंग्लंड या तिथल्या अधिकृत पंथाची इमारत नियमित उपासनेसाठी बंद करायची तर २०११ च्या मिशन अँड पास्टोरल मेझर या कायद्याखाली रीतसर योजना करावी लागते. इमारत पवित्र केल्याचे कायदेशीर परिणाम त्या योजनेनंच संपतात. फार मोलाची काही चर्चेस १९६९ साली स्थापन झालेल्या चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्टकडे जातात, अशी साडेतीनशेहून जास्त इमारती आज त्यांच्याकडे आहेत. उरलेल्यांना नवा उपयोग शोधतात आणि त्यांतली काही घरं होतात. मेथडिस्ट, बाप्टिस्ट वगैरे इतर ख्रिस्ती पंथांच्या चॅपेलांचा, म्हणजे साध्या प्रार्थनागृहांचा, व्यवहार त्या मानानं सरळ असतो. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तिथे चर्चभोवतीची जुनी दफनभूमी बहुतेक ठिकाणी स्थानिक परिषदेच्या ताब्यात असते. पुढचे नियम प्रामुख्यानं इंग्लंडचे समजावेत.

आता कागद. आपण सातबारा किंवा मिळकतपत्रिका मागतो, तसा तिथे लँड रजिस्ट्रीचा उतारा आणि नकाशा मिळतो. त्या नकाशावरची हद्दीची लाल रेघ कुठून जाते ते डोळ्यांत तेल घालून पाहावं. अनेकदा ती भिंतीच्या बाहेरच्या कडेवरूनच जाते आणि भोवतालची दफनभूमी विकलेलीच नसते. म्हणजे परांची बांधायला जागा नाही, कचऱ्याचा डबा ठेवायला नाही, तेलाची टाकी किंवा हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं यंत्र) बसवायला नाही, आणि गाडी तर रस्त्यावरच. दारापर्यंतची पायवाट दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल, तर तिचा हक्क खरेदीखतात लिहिलेला हवा. पायी जाण्याचा हक्क आणि गाडी नेण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रेनेजच्या नळीसाठी तिसरा हक्क लागतो.

दफनभूमी विकत मिळालेली असली तरी ती बाग होत नाही. १८८४ च्या डिसयूज्ड बरिअल ग्राउंड्स ॲक्टनुसार बंद दफनभूमीवर इमारत बांधायला मनाई आहे. १९८१ च्या दुरुस्तीनं काही अपवाद दिले आहेत, पण गॅरेज किंवा काचघर सहज बांधता येईल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. अवशेष हलवायला परवाना लागतो. मृतांच्या नातलगांना कबरीपर्यंत येण्याचा हक्क बहुधा राखून ठेवलेला असतो. महायुद्धातल्या सैनिकांच्या कबरी असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचे लोकही देखभालीला येतात. रविवारी सकाळी खिडकीबाहेर कोणी फुलं घेऊन उभं असेल, तर तो त्याचा हक्क आहे. हे ज्यांना चालणार नाही त्यांनी दुसरं घर बघावं.

मूळ खरेदीखत मागवून त्यातल्या अटी वाचाव्यात. दारूविक्री, जुगार, घंटेचा वापर, कबरींचे दगड हलवणं यांवर बंधनं असू शकतात. काही खतांत अशीही अट असते, की पुढे जास्तीची घरं करून नफा झाला तर त्यातला वाटा चर्चला द्यावा. ही अट पुढच्या मालकालाही लागू होऊ शकते.

यापेक्षा मोठी गोष्ट वारसा-यादीची, म्हणजे जतनासाठी सरकारनं नोंदलेल्या इमारतींच्या यादीची. उपासना चालू असलेल्या चर्चला यादीतल्या इमारतीच्या परवानगीतून सूट असते. इमारत बंद झाली की ती सूट संपते आणि १९९० चा नियोजन कायदा पूर्णपणे लागू होतो. बाक काढणं, छतात खिडकी पाडणं, आतली नक्षीदार फरशी उखडणं, सगळ्याला परवानगी लागते. विनापरवाना काम हा फौजदारी गुन्हा आहे. कारवाईला कालमर्यादा नाही आणि पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकावर निघते, काम त्यानं केलेलं असो वा नसो. म्हणून परिषदेच्या संकेतस्थळावरून मंजूर नकाशे उतरवून घ्यावेत आणि ते हातात घेऊन घरभर फिरावं. नकाशात नसलेली छत-खिडकी, पोटमाळा, न्हाणीघर दिसलं की तिथे खूण करावी.

बांधकाम नियमांचं पूर्णत्व प्रमाणपत्र ही वेगळी बाब आहे, आपल्या भोगवटा प्रमाणपत्रासारखी. ते नसेल तर विक्रेत्याचा वकील एक विमा पुढे करतो. त्या विम्यातून परिषदेच्या कारवाईचा खर्च मिळतो, चुकीचं काम दुरुस्त करून मिळत नाही. ११ नोव्हेंबर १९८५ नंतरच्या कामाला नंतरही नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागता येतं. मात्र त्यासाठी परिषदेशी एकदा संपर्क केला की तो विमा मिळत नाही. दोनांपैकी कुठली वाट धरायची ते वकिलाशी बोलून आधीच ठरवावं.

कागद झाले, आता भिंती. मूळ भिंत दगड आणि चुन्याची, जाडी ६०० ते ९०० मिलिमीटर. ती पाऊस पिते आणि दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, वाळते. रूपांतराच्या वेळी कोणी सिमेंटनं दरजा भरल्या असतील तर वाळायची वाटच बंद होते. मग पाणी दगडातून बाहेर पडतं, थंडीत गोठतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. दरज पुढे आलेली आणि दगड आत गेलेला दिसला की समजावं, सिमेंट आहे. आतल्या बाजूला जिप्समचा गिलावा असेल तर कमरेपर्यंत फुगे येतात आणि लोणा लागतो. कोकणातल्या जुन्या घराला चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा केल्यावर जे होतं तेच हे. विक्रीआधी ताजा रंग दिलेला असतो, म्हणून कपाटांच्या मागे आणि जिन्याखाली बघावं. तिथे सहसा कोणी रंग देत नाही.

खालच्या ओलीला आणखी एक कारण आहे. जुन्या दफनभूमीत शतकानुशतकं दफन होऊन बाहेरची जमीन वर येते, कधी आतल्या फरशीपेक्षा अर्धा मीटर उंच. तिथे चर खणून निचरा करायचा म्हटलं तर अवशेष लागतात आणि पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीशिवाय काम होत नाही. १९८०-९० च्या दशकांत बऱ्याच ठिकाणी जुनी फरशी काढून प्लास्टिकचा कागद आणि त्यावर काँक्रीट टाकलं गेलं. जमिनीतली ओल मग कडेला सरकते आणि भिंतीच्या पायथ्याशी वर चढते. योग्य पर्याय म्हणजे १५० ते २०० मिलिमीटर फोम-काचेचे (काच फुगवून केलेले हलके) खडे आणि त्यावर सुमारे १०० मिलिमीटर चुन्याचं काँक्रीट, त्यातच तळउष्णतेच्या, म्हणजे फरशीखालून खोली तापवणाऱ्या, नळ्या. मात्र खणताना जपावं लागतं. या इमारतींचा पाया बरेचदा उथळ असतो, भिंतीला लागून खोल गेलं की भिंत बसते.

छपराला सर्वांत जास्त वेळ द्यावा. थंड चर्चचं ऊबदार घर झालं की छपराचं सगळं गणित बदलतं. पूर्वी आठवड्यातून तासभर माणसं येत. आता रोज अंघोळ, स्वयंपाक, कपडे वाळवणं. ती दमट हवा वर जाते आणि थंड पत्र्याखाली पाणी होऊन साठते. छपरावर शिसं असेल तर ते खालच्या बाजूनं गंजतं, पांढरी पूड पडते, आणि वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. उष्णतारोधक थर आणि शिशाखालची फळी यांच्यामध्ये ५० मिलिमीटर हवेशीर पोकळी लागते. ती ठेवली होती का, हे मंजूर छेदचित्रात बघावं. शिशाचे तुकडेही मोजावेत. ३.१५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा तुकडा अडीच मीटरपेक्षा आणि ३.५५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा तीन मीटरपेक्षा लांब नको. लांब असला की उन्हाळ्या-हिवाळ्याच्या ताणानं फाटतो. शिशाच्या चोऱ्या तिथे नेहमीच्या आहेत, त्यामुळे चोरीनंतर परवानगीनं लेपित स्टेनलेस स्टीलचा पत्रा घातलेला दिसला तर ते वाईट लक्षण मानू नये.

पाटीच्या दगडाच्या (स्लेटच्या) छपराला आतून फवारलेला फोम असेल तर मात्र सावध. लाकूड झाकलं जातं, कुजलेलं दिसत नाही, आणि अनेक सावकार संस्था अशा घरावर कर्जच देत नाहीत.

कैच्यांची, म्हणजे छपराच्या त्रिकोणी लाकडी सांगाड्यांची, टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे लाकूड आधी कुजतं आणि नेमकी तीच जागा रूपांतरात प्लास्टरबोर्डनं झाकतात. तपासणीसाठी झाकण ठेवलेलं नसेल तर विक्रेत्याच्या संमतीनं एकदोन ठिकाणी भोक पाडून पाहण्याचा आग्रह धरावा. डोकं आपटतं म्हणून कोणी कैचीची आडवी तुळई किंवा लोखंडी सळई कापली असेल, तर छप्पर भिंतींना बाहेर ढकलू लागतं. भिंतीच्या वरच्या टोकापासून ओळंबा सोडला की काही मिनिटांत उत्तर मिळतं. भिंत पूर्वीपासूनच कललेली असू शकते, म्हणून तडा जुना धुळकट आहे की ताजा स्वच्छ, हेही पाहावं.

पन्हळी आणि कठड्यामागच्या नाल्या वर्षातून दोनदा साफ कराव्याच लागतात, एकदा पानगळ संपल्यावर नोव्हेंबरअखेर आणि एकदा वसंतात. या घरांतल्या वरच्या ओलीचं पहिलं कारण तुंबलेली नाली हेच असतं, त्यावर हजारो पौंडांची रसायनं भिंतीत टोचून घेणारे महाभाग आहेत.

उष्णतेचा हिशेब मजकुरात कधीच नसतो, म्हणून एक उदाहरण मांडून दाखवतो. आतून १८ मीटर लांब, ८ मीटर रुंद, भिंती ६ मीटर आणि आढं १० मीटर उंच असं मध्यम चॅपेल धरू. घनफळ १,१५२ घनमीटर. बाहेर शून्य अंश आणि आत वीस अंश हवेत. फटींतून तासाला दीड वेळा हवा बदलत असेल तर त्यातच सुमारे ११.४ किलोवॅट जातात. खिडक्या वगळून ३०४ चौरस मीटर दगडी भिंतींतून १०.३, थर नसलेल्या २०४ चौरस मीटर छपरातून ९.४, ४० चौरस मीटर एकेरी काचेतून ४.४. एकूण ३५.५ किलोवॅट, यात जमीन धरलेली नाही. आता छपराला चांगला थर दिला, फटी निम्म्या केल्या आणि खिडक्यांना आतून दुसरी काच लावली, तर हाच आकडा १९ च्या आसपास येतो. भिंतींचे १०.३ तसेच राहतात. घरगुती हीट पंप साधारण ५ ते १६ किलोवॅटचे मिळतात, म्हणजे एवढं सगळं करूनही दोन पंप लागतील. रेडिएटरची गरम हवा आढ्याला जाऊन बसते आणि पाय थंडच राहतात, त्यामुळे तळउष्णता नसेल तर उंच दिवाणखाना जानेवारीत वापरलाच जात नाही. विक्रेत्याकडे मागच्या दोन हिवाळ्यांची बिलं मागावीत. तो देत नसेल तर तेही उत्तरच समजावं.

भिंतींना आतून थर द्यायचा तर लाकडी तंतूंचे ४० ते ६० मिलिमीटर जाड बोर्ड आणि चुन्याचा गिलावा चालतो. चकचकीत कागदाचे फोम-बोर्ड दगडी भिंतीला लावू नयेत. मागे ओल साचते आणि कैच्यांची टोकं आणखी थंड पडतात.

माळा कसा घातला आहे यावरून रूपांतर करणाऱ्याची अक्कल कळते. चांगल्या कामात माळा स्वतःच्या लोखंडी सांगाड्यावर उभा असतो, जुन्या भिंतीवर भार नसतो आणि उंच खिडकीपासून तो मागे सरलेला असतो. वाईट कामात मजला खिडकीच्या मधोमध कापत जातो. मग वरच्या खोलीत खिडकी गुडघ्याशी येते आणि खालच्या खोलीत कमानीचं टोकच हरवतं.

आगीच्या नियमांत याहून मोठा फेरा आहे. वरच्या मजल्यावरून सुटायला खिडकी धरायची तर ती किमान ०.३३ चौरस मीटर उघडली पाहिजे, कुठलीही बाजू ४५० मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि खालची कड त्या खोलीच्या फरशीपासून १,१०० मिलिमीटरच्या आत हवी. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली रंगीत काच उघडत नाही. मजला बाहेरच्या जमिनीपासून साडेचार मीटरपेक्षा उंच असेल तर नुसत्या खिडकीवर भागत नाही, बंदिस्त संरक्षित जिना किंवा पाण्याचे फवारे लागतात. आणि छायाचित्रात तर जिना मोकळा, ओटा त्याच्या पायथ्याशी! तो फवारे बसवण्याच्या अटीवर मंजूर झालेला असू शकतो. ते फवारे, त्यांची टाकी आणि पंप अजून चालतात का, हे विचारावं.

रंगीत काचेच्या शिशाच्या पट्ट्या शंभर-दीडशे वर्षांत थकतात आणि काच पोट काढते. आडव्या लोखंडी सळया गंजून फुगल्या की दगडी चौकट फोडतात. बाहेरून लावलेलं पॉलिकार्बोनेट पिवळं पडतं आणि आत वाफ धरतं. हे काम काचतज्ज्ञाचं आहे, साध्या गवंड्याला हात लावू देऊ नये.

आवाज हा प्रत्यक्ष राहायला गेल्यावर कळणारा प्रकार. वरच्याच चॅपेलात दगड, गिलावा आणि काच एवढंच असेल तर प्रतिध्वनी विरायला साडेतीन सेकंदांहून जास्त लागतात. साध्या खोलीत तो अर्धा सेकंद असतो. जेवणाच्या टेबलावर सहा माणसं बोलू लागली की एकमेकांचं ऐकू येत नाही. एखाद्या गालिच्यानं काही होत नाही, वाशांमध्ये ध्वनिशोषक थर लागतो.

वटवाघळं असतील तर ती उडून गेलेली असतानाही त्यांची जागा कायद्यानं संरक्षित असते. त्यांच्या वावराची पाहणी मे ते सप्टेंबरमध्येच होते, म्हणून ऑक्टोबरात छपराचं काम काढणाऱ्याचं वर्ष जातं. गावातल्या चॅपेलाला सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी नसेल, तर सेप्टिक टाकीचं पाणी थेट ओढ्यात सोडायला मनाई आहे. शोषखड्डा दफनभूमीत खणता येत नाही. आवारातलं झाड छाटायलाही, भाग संरक्षित असेल तर, परिषदेला सहा आठवडे आधी कळवावं लागतं.

पैशाबद्दल दोनच गोष्टी. चर्चचं घर करताना ठेकेदाराच्या कामावर ५ टक्के व्हॅट लागतो. घर एकदा झालं की पुढच्या दुरुस्तीवर २० टक्के, आणि यादीतल्या इमारतीच्या मंजूर फेरबदलांना असलेली जुनी सूट २०१२ मध्येच गेली. घर दोन वर्षं किंवा जास्त रिकामं असेल तर नूतनीकरणाला पुन्हा ५ टक्के लागू होऊ शकतो. दुसरं म्हणजे विमा. तो पुनर्बांधणीच्या खर्चावर काढायचा असतो आणि घडीव दगडाच्या इमारतीचा तो खर्च बाजारभावाच्या बराच वर जातो. संकेतस्थळावरचे घरगुती तक्ते इथे चालत नाहीत, सर्वेक्षकाकडून आकडा लिहून घ्यावा.

चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतींची १९५५ च्या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी होत असे. बंद होण्यापूर्वीचा शेवटचा अहवाल मागवावा. त्या वेळी कुठे गळत होतं ते त्यात नोंदलेलं असतं आणि आता तीच जागा नव्या छताखाली झाकलेली असण्याचा संभव बराच असतो. तो अहवाल आपल्या सर्वेक्षकाला आधी वाचायला द्यावा. जुन्या इमारतींचा अनुभव असलेल्या माणसाकडून सविस्तर म्हणजे तिसऱ्या पातळीची तपासणी करून घ्यावी, शक्यतो भर पावसाच्या दिवशी. इंग्लंड-वेल्समध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात, आणि सहसा दहा टक्के रक्कम त्या वेळीच भरावी लागते. तपासणी, काचतज्ज्ञाचं मत आणि विम्याचा आकडा हे तिन्ही त्याआधी हातात हवेत.

आपले,
दोन वाचक
(इमारत-सर्वेक्षक आणि वास्तुविशारद, यॉर्कशर, इंग्लंड)